मेंदूत नक्की कमी काय आहे?

"मॅडम, मी ३८ वर्षांची आहे. धायरीला राहते, नळ स्टॉपजवळ एका सीएंच्या ऑफिसात काम करते. जुलैमध्ये एका संध्याकाळी पावसात म्हात्रे पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकले होते. अचानक छाती धडधडायला लागली, हाताला मुंग्या आल्या, आता स्कूटरवरून पडणार आणि इथेच मरणार असं वाटलं. ईसीजी, थायरॉइड, शुगर सगळं नॉर्मल आलं. तेव्हापासून तो पूल टाळते. आधी राजाराम पुलावरून जायचे, मग तिथेही पोटात गोळा यायला लागला. मग रिक्षा, आणि आता मिस्टर सोडतात नि आणतात. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम सुरू केली, पण पहिल्या चार दिवसांत अस्वस्थपणा उलट वाढला, म्हणून सहाव्या दिवशी मी ती बंद केली. भाचा म्हणतो, 'मामी, तुझं डोपामिन बिघडलंय, डिटॉक्स कर.' ऑफिसातल्या एकीने कवचबीजाचं चूर्ण दिलंय. एका लॅबने न्यूरोट्रान्समीटर तपासणीचं साडेचार हजारांचं पॅकेज सांगितलंय. माझं सेरोटोनिन कमी झालंय की डोपामिन? आणि मिस्टर म्हणतात स्कूटर विकून टाकू. विकावी का?"

ताई, आधी ते साडेचार हजार वाचवा. सेरोटोनिन आणि डोपामिन ही मेंदूतल्या पेशींचे निरोप एकमेकींकडे नेणारी रसायनं, म्हणजेच न्यूरोट्रान्समीटर. रक्त किंवा लघवी तपासून मेंदूत किती सेरोटोनिन आहे हे कळत नाही. शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, रक्तातल्या प्लेटलेट्स ते साठवून ठेवतात, आणि रक्त व मेंदू यांच्यामधली जी गाळणी आहे ती त्याला आत सोडत नाही. मुळात ते सापडलं तेच रक्तात. १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला रक्तवाहिन्या आकुंचित करणारा एक पदार्थ म्हणून ते वेगळं काढलं गेलं आणि म्हणून त्याच्या नावात रक्तातलं 'सीरम' आलं. मेंदूतही ते असतं हे बेटी ट्वारोग या संशोधिकेने १९५३ साली दाखवलं. लॅब मोजणार ते आतड्याचं सेरोटोनिन, आणि तुमचा प्रश्न आहे डोक्यातल्या सेरोटोनिनचा. केळी खाऊन सेरोटोनिन वाढवा हा सल्लाही याच गाळणीपाशी अडतो. केळी जरूर खा, ती चांगलीच असतात.

आता 'कमी काय आहे' या प्रश्नाकडे येते. हिमोग्लोबिन कमी आहे, ड जीवनसत्त्व कमी आहे, तसं सेरोटोनिन कमी आहे असं आपण समजतो. डॉक्टर मंडळीही घाईत तसंच समजावून सांगतात. चिंतेच्या आजारात मात्र हा हिशेब बसत नाही. स्वीडनमध्ये उप्साला इथल्या संशोधकांनी २०१५ साली चार माणसांत बोलायची विलक्षण भीती असणाऱ्या लोकांच्या मेंदूचे, तिथल्या रसायनांचं काम दाखवणारे 'पेट' स्कॅन केले. भीतीची घंटा वाजवणारा अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग असतो. या लोकांच्या अमिग्डलात सेरोटोनिनची निर्मिती निरोगी लोकांपेक्षा जास्त निघाली, आणि ज्याची निर्मिती अधिक त्याची भीतीही अधिक. तरीही सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांनी अशाच रुग्णांपैकी अनेकांना बरं वाटतं. म्हणजे मोजायची गोष्ट साठा नव्हेच. ते कुठे, कोणत्या दारातून, कोणाबरोबर काम करतं हे पाहायला हवं.

तुम्ही धायरीच्या, म्हणून तुमच्या जवळचंच उदाहरण देते. खडकवासल्याचं पाणी पुण्याच्या नळाला येतं आणि तेच पाणी उजव्या कालव्याने हडपसरवरून दौंड, इंदापूरकडे शेतीला जातं. पाणी एकच असतं. कुठे ते भांडी घासतं, कुठे ऊस वाढवतं. सेरोटोनिनचंही तसंच आहे. मेंदूच्या बुंध्यात रॅफे नावाच्या जागी त्याच्या पेशी असतात. मेंदूतल्या सुमारे ८६०० कोटी पेशींपैकी या अवघ्या काही लाख, पण त्यांचे कालवे जवळपास सगळ्या मेंदूत जातात. पोहोचेल तिथे दार वेगळं. सेरोटोनिनला ओळखणारी अशी डझनाहून अधिक प्रकारची दारं आतापर्यंत सापडली आहेत. एका दारातून आत गेलं की पेशी शांत होते, दुसऱ्या दारातून गेलं की तीच चेतते.

पहिल्या चार दिवसांतला तुमचा त्रास इथे समजतो, म्हणून जरा थांबून सांगते. अमिग्डलाला जोडलेलं एक छोटं केंद्र आहे. समोर साप दिसल्यावरची भीती वेगळी आणि 'काहीतरी होईल' ही दिवसभर रेंगाळणारी धास्ती वेगळी. त्या धास्तीत या केंद्राचा मोठा वाटा असतो. तिथे '२सी' नावाचं दार आहे. २०१६ साली 'नेचर'मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास आला. या दारातून सेरोटोनिन आत गेलं की उंदीर जास्त घाबरट वागले, आणि तुमच्या गोळीच्याच गटातल्या एका औषधाच्या सुरुवातीच्या मात्रेनेही भीती वाढली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण दवाखान्यात आम्ही जे कित्येक वर्षं पाहतो, त्याच्याशी हे जुळतं.

दुसरं कारण गच्चीवरच्या टाकीसारखं आहे. टाकी भरली की आतला बॉल वर येतो आणि पाणी बंद होतं. रॅफेच्या पेशींना असाच स्वतःचा बॉल असतो, '१ए' नावाचा. गोळीने पेशीभोवती सेरोटोनिन वाढलं की हा बॉल वर उचलला जातो आणि पेशी स्वतःचं काम मंद करते. दोन-तीन आठवड्यांत बॉल सैल पडतो, मग पेशी पुन्हा नीट वाहू लागते. गोळीचा गुण यायला जो वेळ लागतो त्यामागे हे एक कारण मानलं जातं. तुम्ही गोळी सोडलीत ती नेमकी या अधल्यामधल्या दिवसांत. त्रास झाला तेवढा घेतलात, पुढचा फायदा वाट्याला आलाच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. यात तुमची चूक नाही. 'पहिले आठ-दहा दिवस धडधड वाढू शकते, घाबरू नका, मला फोन करा' एवढं वाक्य तुम्हाला कुणी सांगायला हवं होतं.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही ते सांगत नसे. एक आजी आठव्या दिवशी आल्या, अर्धी राहिलेली स्ट्रिप टेबलावर ठेवली, "बाई, ही तुमच्याकडेच राहू दे" म्हणाल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. तेव्हापासून चिठ्ठी हातात देण्याआधी मी हे बोलते.

म्हणून पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जा आणि झालेलं सगळं सांगा. मात्रा अगदी कमीपासून सुरू करून हळूहळू वाढवता येते, पहिल्या दिवसांसाठी वेगळी सोय करता येते, औषधही बदलता येतं. हे त्यांनी ठरवायचं आहे. मी पत्रावरून ठरवणार नाही. सहा दिवसांतच थांबलात म्हणून फार बिघडलं नाही, पण काही महिने घेतल्यावर अशी एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, झोपमोड होऊ शकते. तेव्हा ती टप्प्याटप्प्यानेच कमी करायची असते. आणि मध्येच कधी जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

उप्सालाचाच आणखी एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. सामाजिक भीती, म्हणजे मघाशी सांगितलेली चार माणसांतली भीती, असलेल्या ४६ जणांना तुमचीच गोळी, एस्सिटालोप्राम, २० मिलिग्रॅम, नऊ आठवडे दिली. निम्म्यांना खरं सांगितलं की हे परिणामकारक औषध आहे. उरलेल्यांना सांगितलं की यातून तुमची भीती कमी होणार नाही, हे नुसतं तुलनेसाठीचं औषध आहे. गोळी तीच, मात्रा तीच. खरं सांगितलेल्यांपैकी ५० टक्क्यांना चांगला गुण आला, दुसऱ्या गटात १४ टक्क्यांना. याचा अर्थ गोळी म्हणजे मनाचे खेळ, असा काढू नका. चांगलं होण्याची अपेक्षा हेही मेंदूतलंच काम आहे, आणि त्या कामात डोपामिनचा हात असतो. तुम्ही गोळी घाबरत घाबरत घेत होतात. पुन्हा सुरू कराल तेव्हा समजून घेऊन, प्रश्न विचारून, डॉक्टरांवर भरवसा बसल्यावर करा.

तर डोपामिन. भाच्याला सांगा की मोबाइलसारखी सुखं काही दिवस बंद ठेवून डोपामिनचा 'डिटॉक्स' होत नाही. मोबाइल रात्री बाजूला ठेवलात तर झोप सुधारेल, तेवढ्यासाठी जरूर ठेवा. पण ज्यांच्या मेंदूतलं डोपामिन खरोखर आटतं, त्यांना पार्किन्सन्सचा आजार होतो, आणि त्यांच्यात चिंता वाढलेली दिसते. डोपामिन कमी म्हणजे शांती, असं गणित नाही.

चुर्णाचंही ऐका, कारण ही गोष्ट आपल्याच मातीतल्या दोन वनस्पतींची आहे. सर्पगंधा आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबावरचा तिचा गुण १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. हे रेसर्पिन मेंदूतला सेरोटोनिन आणि डोपामिन दोन्हींचा साठा रिकामा करतं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित पडले. सेरोटोनिनचा कच्चा माल टोचून ते उठले नाहीत. डोपामिनचा कच्चा माल, म्हणजे एल-डोपा, टोचला आणि थोड्याच वेळात ससे कान ताठ करून हिंडू लागले. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. तुमच्या मैत्रिणीने दिलेल्या कवचबीजात, म्हणजे खाजकुयलीच्या बियांत, हेच एल-डोपा असतं. ती डबी साधी दिसते, पण आत खरंखुरं औषध आहे. त्याने मळमळ होते, रक्तदाब उतरतो, काही जणांची अस्वस्थता वाढते. तुमच्या परिस्थितीत ते मनाने घेऊ नका आणि डॉक्टरांना ती डबी दाखवा.

मग डोपामिन करतं काय? त्याला सुखाचं रसायन म्हणतात, ते अर्धवट आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग १९९७ साली गाजले. माकडाला अनपेक्षितपणे रसाचा थेंब मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळतात. दिवा लागला की रस मिळतो हे माकडाला कळल्यावर पेशी दिव्यालाच उसळतात, प्रत्यक्ष रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही तर नेमक्या त्या क्षणी त्या गप्प होतात. म्हणजे डोपामिन फरक मोजतं. जे होईल वाटलं होतं आणि जे झालं, त्यातला फरक. त्या फरकावरून मेंदू शिकतो.

आता हे तुमच्या स्कूटरवर आणा. सिंहगड रोडने येता येता दांडेकर पूल मागे पडतो, सेनादत्त चौकी जवळ येते, आणि पोटात गोळा येतो. मेंदूचा अंदाज असतो, 'पुलावर मी मरणार.' तुम्ही गाडी वळवता. त्या क्षणी केवढं हायसं वाटतं! ते हायसं वाटणं ही मेंदूच्या हिशेबी अनपेक्षित कमाई आहे. संकट येणार होतं, टळलं. डोपामिन शिकवतं, 'वळलो म्हणून वाचलो.' पुढच्या वेळी वळायची ओढ आणखी वाढते, आणि पूल खरंच धोक्याचा आहे का हे तपासायची वेळच येत नाही. म्हात्रे पुलावरून राजाराम पुलावर, तिथून रिक्षात, रिक्षातून मिस्टरांच्या मागच्या सीटवर. तुमच्या पत्रातली ही वाक्यं मी दोनदा वाचली. तुमचा मेंदू बिघडलेला नाही, ताई. तो फार चांगला विद्यार्थी आहे, फक्त त्याला दर वेळी तोच एक धडा मिळालाय.

उलटा धडाही हेच डोपामिन शिकवतं. २०१८ साली उंदरांवर झालेल्या अभ्यासात हे अगदी स्पष्ट दिसलं. सूर वाजला की पायाला शॉक, हे शिकलेल्या उंदराला पुन्हा सूर ऐकवला आणि शॉक दिलाच नाही, तर शॉक यायच्या ठरलेल्या क्षणी डोपामिनच्या काही पेशी उसळल्या, जणू रसाचा थेंब मिळाला. त्या क्षणी त्या पेशी मुद्दाम गप्प केल्या, तर उंदीर निर्भय व्हायला शिकेनात. आलं नाही, झालं नाही, हे कळायलाही डोपामिन लागतं. पण त्यासाठी सूर पूर्ण ऐकावा लागतो. अर्ध्यातून पळून चालत नाही.

सेरोटोनिन आणि डोपामिनची गाठ पडते ती इथे. रॅफेचे कालवे थेट डोपामिनच्या पेशींपर्यंत जातात. '२सी' दारातून ते डोपामिनला लगाम घालतात, दुसऱ्या काही दारांतून त्याला पुढे ढकलतात. डोपामिनच्या पेशीही उलट रॅफेपर्यंत हात पोहोचवतात. अमिग्डलात दोन्ही येतात. कपाळामागचा विचारी भाग अमिग्डलाला 'थांब, बघू दे' म्हणत असतो. ताणात तिथलं डोपामिन वाढतं. थोडं वाढलं तर विचार धारदार होतो, फार वाढलं तर तोच भाग ढेपाळतो आणि अमिग्डलाला आवरणारं कोणी उरत नाही. पुलाच्या मध्यावर 'हे नुसतं घाबरणं आहे' हे माहीत असूनही पटत नाही, त्याचं हे एक कारण आहे. उप्सालाच्याच गटाने २०२१ साली स्कॅनमध्ये दोन्ही रसायनं उचलून परत नेणारे पंप एकत्र मोजले. सामाजिक भीतीच्या रुग्णांत भीतीशी संबंधित भागांत या दोन पंपांची जोडी निरोगी लोकांपेक्षा जास्त घट्ट जुळलेली दिसली. म्हणून यातलं एक कोणतं ते सांगा, असं विचारलंत तर मला उत्तर देता येत नाही.

माझ्या अनुभवात गोळीचं काम साधारण असं होतं: घंटेचा आवाज थोडा खाली येतो. पूल ओलांडायला गोळी शिकवत नाही. आवाज खाली आल्यावर तुम्ही पुलावर थांबू शकता, आणि थांबलात की शिकणं सुरू होतं.

हे शिकणं सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धत, जाणणाऱ्या समुपदेशकाबरोबर करा. खर्चाची अडचण असेल तर ससूनच्या मानसोपचार ओपीडीत चौकशी करा. सुरुवात स्कूटरने करायची नाही. रविवारी सकाळी साडेसहाला म्हात्रे पूल चालत ओलांडायचा. निघण्याआधी वहीत लिहायचं, 'मध्यावर चक्कर येऊन पडेन, खात्री १०० पैकी ८०.' मग चालायचं. छाती धडधडेल, धडधडू दे. भराभर चालून सुटका करून घ्यायची नाही. मध्यावर थांबायचं, कठड्यापाशी उभं राहून खाली मुठेकडे पाहायचं. घरी आल्यावर त्याच अंदाजाखाली काय झालं ते लिहायचं. धडधड थांबली का, हे लिहू नका. पडलात का, एवढंच लिहा. अंदाज आणि घडलेलं यांतलं अंतर जेवढं ठळक, तेवढा मेंदूला धडा पक्का.

एक मात्र जपा. पाण्याची बाटली, हातात घट्ट धरलेला मोबाइल, पर्समधली 'लागली तर' म्हणून ठेवलेली गोळी, हे सगळं हळूहळू घरी राहायला हवं. नाहीतर मेंदू म्हणतो, 'बाटली होती म्हणून वाचलो.' मिस्टरांनाही हे वाचायला द्या. ते प्रेमाने सोडतात, आणतात, त्यांना मी बोल लावत नाही. पण त्यांनी 'मी आहे ना' म्हणत शेजारी चालू नये. पहिल्या रविवारी पुलाच्या पलीकडच्या टोकाला उभं राहावं, दुसऱ्या रविवारी नळ स्टॉपला चहा पीत वाट पाहावी, तिसऱ्या रविवारी घरीच थांबावं.

नंतर मागच्या सीटवर, मग पहाटे रिकाम्या रस्त्यावर स्वतः, मग ऑफिसच्या वेळी, मग पावसात. राजाराम पूलही सोडू नका. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवं शिकणं बसतं, आणि ते एकाच जागी, एकाच वेळेला केलं तर तिथल्यापुरतंच राहतं. मध्ये एखादा दिवस वाईट जाईल. अशा दिवशी गाडी कडेला घ्या, उभ्या राहा, पण परत फिरू नका. थोडं निवलं की त्याच दिशेने पुढे जा.

आणि स्कूटर विकू नका. इतके दिवस उभी आहे म्हणजे बॅटरी उतरली असेल, चाकांतली हवाही गेली असेल. या आठवड्यात मेकॅनिककडे नेऊन सर्व्हिसिंग करून घ्या. गॅरेजपर्यंत मिस्टर चालवतील. परत आणताना सोसायटीच्या गेटपासून पार्किंगपर्यंत तुम्ही चालवा.